राजकुमाराला आवाज कोण देणार?

"राजकुमारी, आणि ढेकर देते? मग तिच्यात नि आपल्यात फरक काय राहिला?"

हे मी आमच्या न्हाणीघरात, डोळ्यांवर साबण आलेला असताना ऐकलं. मेक्सिको शहरातल्या आमच्या इमारतीच्या मधोमध हवा खेळावी म्हणून एक डक्ट सोडलेला आहे. त्यातून हवा आल्याचं कुणाला आठवत नाही, बातम्या मात्र येतात. बोलत होत्या वरच्या मजल्यावरच्या दोन्या, म्हणजे बाईसाहेब, फिलोमेना, आमच्या इमारतीच्या समितीच्या अध्यक्ष. ऐकत कोण होतं ते कळलं नाही. बहुधा त्यांची पिंजऱ्यातली कॅनरी असावी, कारण मधे कुणी बोलत नव्हतं.

"आणि म्हणे त्या सिनेमात आपली ओब्दुलिया आहे," दोन्या फिलोमेना पुढे म्हणाल्या. "दिसत नाही, नुसता आवाज. ढेकर तिचा नसला म्हणजे मिळवली."

ती ओब्दुलिया मी. ढेकर माझा नव्हता. तेवढं डक्टमध्ये तोंड घालून ओरडून सांगावं असं फार वाटलं, पण साबणात असलेल्या बाईच्या बोलण्याला वजन राहत नाही. डोळ्यांवर पाणी मारलं.

त्याचं असं झालं. मी एका दंतवैद्याकडे फोन घेते. आमच्या दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर डबिंगचा स्टुडिओ आहे. परदेशी सिनेमातली माणसं तिथे येऊन आपल्यासारखी बोलायला लागतात. गर्दीचे आवाज काढणाऱ्या एका बाईची अक्कलदाढ आमच्या डॉक्टरांनी उपटली, तिचा गाल भोपळ्याएवढा सुजला, आणि भरपाई म्हणून डॉक्टरांनी मला खाली पाठवून दिलं. गर्दीचं काम दिसतं तितकं सोपं नाही. माइकभोवती रिंगण करून उभं राहायचं आणि सगळ्यांनी एकदम बोलायचं, पण एकाचाही शब्द कळता कामा नये. लग्नाच्या पंगतीत आपण जे फुकट करतो ते तिथे शिकवावं लागतं. मी मोले नावाच्या तिखट रश्शाची कृती म्हटली. राज्याभिषेकाच्या प्रसंगाला नीट कान दिलात तर "मिरच्या जाळू नका गं" असं कुणीतरी कळवळून म्हणताना ऐकू येतं. ती मी. "राजाचा विजय असो" हे मात्र स्पष्ट म्हणायचं होतं. तिथे दिग्दर्शकाने काच वाजवून सांगितलं, "सेन्योरा, जरा बेताने. राजा तुमच्या नात्यातला नाही." शिवाय एक बदक केलं. बदकाबद्दल कुणी काही बोललं नाही, याचा अर्थ ते चांगलं झालं असावं.

सिनेमा कार्टूनचा होता. परीकथेतलं जे जे म्हणून आपण लहानपणी डोळे विस्फारून ऐकलं, ते सगळं त्यात उताणं पाडलेलं. ड्रॅगन उंचीला घाबरतो. घरात काय ते काम एकटी सावत्र आई करते. परीराणीला चष्म्याशिवाय जादूची कांडी सापडत नाही, आणि चष्मा शोधायला कांडी लागते. काचेच्या बुटाने राजकुमारीच्या टाचेला फोड येतो. आणि राजकुमार, पत्ता विचारण्यात कमीपणा वाटतो म्हणून, निम्म्या सिनेमाभर भलत्याच राज्यांतून हिंडत असतो. रस्ता त्याच्या घोड्याला माहीत असतो, पण घोड्याला विचारतो कोण! यातलं मी पाहिलं होतं ते तुकड्यातुकड्यांत, जिथे गर्दी होती तेवढंच. शेवटाला गर्दी नव्हती, त्यामुळे शेवट मला ठाऊक नव्हता.

आमच्या एर्मेलिंदाला हे ऐकूनच राग आला. एर्मेलिंदा, म्हणजे लिंदा, माझी धाकटी बहीण.

"गोष्टीची अशी थट्टा करू नये," ती जेवताना म्हणाली. "राजकुमार यायला हवा. उशिरा का होईना, पण यायला हवा."

यावर टेबलावर जी शांतता पसरली तिच्यात आईने मला मीठ दिलं. मी मीठ मागितलं नव्हतं.

शांततेचं कारण सांगते. लिंदाचं लग्न लिसेन्सियादो बाल्दोमेरो उर्रुतिया यांच्याशी ठरलेलं होतं. लिसेन्सियादो म्हणजे पदवीधर. पण कोट घालून येणाऱ्या कुणालाही आमच्याकडे तसंच म्हणतात, पदवी दाखवा असं कोटाला कुणी म्हणत नाही. ठरून अकरा वर्षं झाली होती. आधी त्यांची नोकरी कायम व्हायची होती. ती झाली, तर त्यांच्या आईचा रक्तदाब वर गेला. तो खाली आला, तर भूकंपात त्यांच्या घराच्या भिंतीला भेग पडली, आणि भेग बुजल्याशिवाय नवी नवरी घरात आणायची कशी? ती भेग आमच्या घरातल्या माणसासारखी झाली होती. आई दर रविवारी विचारायची, "भेग कशी आहे?" आणि लिसेन्सियादो गंभीरपणे म्हणायचे, "आहे तशीच आहे, सेन्योरा."

माणूस वाईट असता तर कधीच फैसला झाला असता. पण त्याच भूकंपात, बस बंद, फोन बंद, तेव्हा हा माणूस अर्धं मेक्सिको शहर पायी तुडवून आमची आई जिवंत आहे का बघायला आला होता. आईच्या डोळ्यांचे थेंब तोच आणतो. रेडिओ तोच उघडतो, आणि उघडलेला पुन्हा मिटवता येत नाही तेव्हा नवा आणतो. अशा माणसाला "लग्न करणार आहेस की नाही" असं विचारायचं म्हणजे देवळातल्या संताला भाड्याची पावती मागण्यासारखं. म्हणून कुणी विचारत नव्हतं. लिंदासुद्धा नाही.

तर सिनेमा. इमारतीतल्या पोरांनी माझं बदक ऐकायचा हट्ट धरला आणि मी म्हटलं, शनिवारी घरी डिस्क लावीन. एवढंच म्हटलं. यापुढे जे झालं त्यात माझा हात नाही, निदान सुरुवातीला तरी नव्हता.

"घरात कशाला कोंडायची पोरं?" दोन्या फिलोमेना जिन्यात मला गाठून म्हणाल्या. "गच्चीवर लाव. चादर बांधू, खुर्च्या टाकू."

"पण तुम्हाला तर तो सिनेमा..."

"मला आवडो न आवडो, समितीने काहीतरी करायला हवं. आणि हे बघ, गच्ची म्हणजे सार्वजनिक जागा. नगरपालिकेची परवानगी लागेल. मागे पाण्याच्या टाकीला रंग लावला तेव्हा विचारलं नाही, तर केवढं झालं!"

काय झालं होतं ते मला आठवेना, पण त्यांच्या चेहऱ्यावरून फार झालं असावं. मी अर्धी सुट्टी टाकून नगरपालिकेत गेले.

सार्वजनिक करमणुकीच्या खिडकीवर एक सद्गृहस्थ केळं खात बसले होते.

"काय दाखवणार?"

"सिनेमा. पोरांसाठी. ड्रॅगनचा."

"जिवंत प्राणी असेल तर पशुवैद्याचा दाखला."

"जिवंत नाही हो. काढलेला आहे. चित्र."

"मग चित्रप्रदर्शन. शेजारची खिडकी."

शेजारच्या खिडकीवरच्या बाई नखांचा रंग वाळवत होत्या. "भिंतीवर टांगणार?" त्यांनी फुंकर मारत विचारलं.

"टांगणार नाही. ती हलतात."

"आमची हलत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि बोटानेच मला परत पाठवलं. बोटाचा रंग ओला होता म्हणून बोट फार लांब केलं नाही.

केळंवाल्या गृहस्थांनी आता माझ्याकडे जरा मायेने पाहिलं. "असं करा, घरगुती कार्यक्रम म्हणा. घरगुतीला परवानगी लागत नाही, नुसता शिक्का लागतो."

परवानगीत आणि शिक्क्यात काय फरक, हे विचारायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

"कार्य कोणतं?"

"म्हणजे?"

"बाप्तिस्मा, मुलीचा पंधरावा वाढदिवस, लग्न, मयत. काहीतरी असेल ना!"

माझ्या मागे रांग वाढत होती. मागचा माणूस माझ्या खांद्यावरून म्हणाला, "बाई, मयत सांगा. मयताचं लगेच होतं."

मयत सांगायला माझी जीभ उचलेना. आई घरी धडधाकट बसून मटार सोलत होती. आणि मग, देवाशपथ सांगते, कुठून आलं ते कळलं नाही, माझ्या तोंडून गेलं, "बहिणीच्या लग्नाची तारीख जाहीर करायची आहे."

"अरे वा!" गृहस्थ खुलले. "नवरदेवाचं नाव?"

एकदा घसरलेला पाय मधे थांबत नाही. मी नाव सांगितलं. त्यांनी ते सुरेख अक्षरात लिहिलं आणि असा शिक्का हाणला की शेजारच्या बाईंच्या एका नखावरचा रंग गेला. "दर्शनी भागी लावा," ते म्हणाले. "आणि मुलीला आशीर्वाद सांगा."

तो कागद पर्समध्ये ठेवून द्यायचा आणि कुणी विचारलाच तर उलटा धरून दाखवायचा, असा माझा बेत होता. पण दोन्या फिलोमेना फाटकाशीच उभ्या होत्या. "आण इकडे. दर्शनी भागी म्हणजे दर्शनी भागी." मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो इमारतीच्या दारावर घरी शिजवलेल्या खळीने चिकटवला. त्या खळीची मला माहिती आहे. त्यांनी चिकटवलेली मागच्या सरकारची पत्रकं अजून निघालेली नाहीत.

चिकटवून झाल्यावर त्यांनी तो वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचला.

"ओब्दुलिया," त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि त्यांना हळू बोलता येतं हे मला प्रथमच कळलं, "ठरली?"

आता इथे मी "नाही" म्हणायला हवं होतं. ते एका शब्दाचं काम होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी घशात काहीतरी आवाज केला. गर्दीतला. शब्द कळला नाही. त्यांना हवा तो कळला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीने दार वाचलं. लिंदा भाजी घेऊन आली आणि दारापुढे इतका वेळ उभी राहिली की पिशवीतल्या कोथिंबिरीने मान टाकली. मी जिन्याच्या वळणावर जीव मुठीत धरून उभी. ती वर आली, मला पाहिलं आणि म्हणाली, "शिक्का छान उमटलाय." बस. त्या रात्री तिने निळा झगा काढून खिडकीत वाऱ्याला टांगला.

रविवारी लिसेन्सियादो आले. त्यांनी दारावरचा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मी पडद्याआडून पाहत होते. वर येऊन ते जेवायला बसले, भेगेची खुशाली सांगितली, आणि निघताना आईला विचारलं, "शनिवारी छत्री आणावी का, सेन्योरा?"

"आण बाळा," आई म्हणाली.

या छत्रीचा अर्थ लावण्यात आमचे पुढचे दिवस गेले. दोन्या फिलोमेनांच्या मते छत्री म्हणजे होकार. ज्याला यायचं नाही तो छत्रीची चौकशी कशाला करील? मास्तर नाबोर, जे आमच्या इमारतीतली वीज दुरुस्त करतात, म्हणजे आहे ती घालवतात, त्यांचं म्हणणं छत्रीवाला माणूस मुळातच डळमळीत असतो. चर्चा सगळ्यांशी झाली. फक्त लिंदाशी नाही.

एकदा मी प्रयत्न केला. पडद्यासाठी आमचीच मोठी चादर निवडली गेली होती, आणि गच्चीवर आम्ही दोघी ती दोन टोकांना धरून पिळत होतो. चादर पिळताना माणसं एकमेकींकडे बघतात, पळून जाता येत नाही.

"तू बोललीस का त्याच्याशी?" मी विचारलं.

"कशाबद्दल?"

"म्हणजे... सिनेमाबद्दल."

"हं, सिनेमाबद्दल बोलले."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, लोक फार असतील का?"

"मग?"

"मी म्हटलं, असतील." तिने आपलं टोक असं पिळलं की माझ्या हातातलं सुटता सुटता राहिलं. "ओब्दुलिया, मला फक्त शनिवार एकदा पार पडायला हवाय. तू मधे पडू नकोस. आणि चादर नीट धर, जमिनीला लागतेय."

"तुला सांगते, तो कागद ही माझी चूक आहे," हे वाक्य मी तोंडात जुळवून ठेवलं होतं. ते मी चादरीबरोबर पिळून दोरीवर टाकलं.

शनिवारी गच्ची अशी दिसत होती की तिथे कपडे वाळतात हे सांगून पटलं नसतं. टाक्यांवर कागदी पताका. गॅसच्या सिलिंडरांना फडकी गुंडाळून त्यांची आसनं केलेली. मक्याचे दाणे, पानात उकडलेले तामालेस, मोठ्या पातेल्यात मक्याचं गरम आतोले. मधल्या टेबलावर दोन्या फिलोमेनांचा केक. त्यावर लिंदाचं नाव, लिसेन्सियादोंचं नाव, आणि खाली मोकळी जागा.

"तारखेची," त्या मला कानात म्हणाल्या. त्यांच्या हातात क्रीमची पिशवी तयार होती. "त्यांनी तोंडातून काढली की मी लिहिली. मधे विचार बदलायला वेळच द्यायचा नाही."

लिंदा निळ्या झग्यात पहिल्या रांगेत बसली. शेजारी आई. दुसऱ्या बाजूला एक रिकामी खुर्ची, जिच्याकडे सगळे बघत होते आणि कुणी बघत नव्हतं. अंधार पडला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. छत्रीचा पत्ता नव्हता.

"लावा हो," शेवटी लिंदाच म्हणाली. "पोरं किती वेळ थांबणार?"

मास्तर नाबोर यांनी स्वतःच्या घरातून वायर टाकली होती, कारण गच्चीवरचा प्लग त्यांनी स्वतःच मागे दुरुस्त केला होता. स्पीकर त्यांच्या पुतण्याच्या बँडचा, कपाटाएवढा. चादरीवर रंग उमटले, राजवाडा आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. राज्याभिषेक सुरू झाला. मी श्वास रोखला. "मिरच्या..." एवढं ऐकू आलं, निदान मला आलं, आणि स्पीकरमधून फट्ट आवाज होऊन पांढरा धूर निघाला.

माझं बदक त्या धुरात गेलं. त्याबद्दल मी नंतर कुणाशी बोलले नाही. ज्याला त्याला आपापलं दुःख असतं.

चित्र मात्र चालूच होतं. राजवाड्यातली माणसं तोंडं उघडमिट करत होती, माशांसारखी. पोरं बोंबलायला लागली.

"बंद करू नका!" दोन्या फिलोमेना गरजल्या. "ओब्दुलिया, तुझा तर धंदाच हा. बोल!"

"मला फक्त गर्दी येते," मी म्हटलं. या वाक्याने माझ्या अब्रूचं जे व्हायचं ते झालं. पण पोरं हसली, आणि हसू एकदा सुटलं की माणसं धीट होतात. चादरीवर सावत्र आई झाडू मारत होती. "जिन्यात कचरा कोण ठेवतं ते मला माहीत आहे!" दोन्या फिलोमेना तिच्या तोंडाबरहुकूम ओरडल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. ड्रॅगन मास्तर नाबोर यांनी घेतला. शिडीवर चढलं की त्यांचेही पाय कापतात, त्यामुळे अभिनय करावा लागला नाही. गर्दी आली की मी होतेच. खाली रस्त्यातून रताळीवाल्याची वाफेची शिट्टी किंचाळली ती नेमकी भालदारांनी तुताऱ्या वर केल्या तेव्हा, आणि सगळी गच्ची टाळ्या वाजवायला लागली. घोडा दिसला तेव्हा कुणी बोलेना, तर आमची आई खर्जातल्या आवाजात म्हणाली, "बाळा, डावीकडे." राजकुमार उजवीकडे गेला. लोक हसून हसून आडवे झाले. "डावीकडे म्हणतेय ना मी!" आई.

मग मनोऱ्याच्या खिडकीत राजकुमारी आली. टाचेला पट्टी. पोरं ओरडली, "लिंदामावशी! लिंदामावशी!"

ती नको नको म्हणाली. मग एकदम म्हणाली, "येईल हो तो. वाटेत काहीतरी अडलं असेल." राजकुमारीचे ओठ तेवढेच हलले. ते इतकं बेमालूम जमलं की पोरांनी टाळ्या दिल्या. मोठ्या माणसांनी दिल्या नाहीत.

"आणि राजकुमार कोण?" एका पोरीने विचारलं.

या प्रश्नापुरता गच्चीवर एकही पुरुष उरला नाही. मास्तर नाबोर वायर तपासायला लागले. एकजण आतोले ढवळायला गेला. चादरीवरचा राजकुमार मुक्यानेच तीन राज्यं हिंडला, एका खाणावळीत जेवला, छातीवर हात ठेवून खाणावळवाल्याला काहीतरी सांगत राहिला. त्याला आवाज कुणी देईना.

तेवढ्यात चादरीवर, बरोबर मनोऱ्याच्या मधोमध, एक भली मोठी काळी सावली उभी राहिली. सावलीच्या हातात छत्री होती.

लिसेन्सियादो जिना चढून प्रोजेक्टरपुढेच आले होते. प्रकाशात डोळे मिचकावत ते म्हणाले, "माफ करा. आईचा रक्तदाब जरा..."

"बोला!" दोन्या फिलोमेना क्रीमची पिशवी रोखून ओरडल्या. "तुमचीच वाट बघतोय सगळे!"

"काय बोलू?"

"तो बोलतोय ते! राजकुमार!"

त्यांनी मान वळवून पाहिलं. राजकुमार मनोऱ्याला शिडी लावून वर चढत होता आणि एक हात हवेत उडवून कळकळीने काहीतरी सांगत होता. लिसेन्सियादोंनी घसा साफ केला. ऑफिसात बोलतात त्या आवाजात ते म्हणाले, "सध्या... प्रकरण विचाराधीन आहे."

गच्ची खदखदली. राजकुमार आणखी एक पायरी चढला.

"सर्व बाजू तपासून..." लिसेन्सियादो म्हणाले. त्यांना वाटलं आपण विनोद करतोय आणि तो जमतोय, म्हणून ते थोडे हसले. "योग्य वेळी कळवण्यात येईल."

"बाळा, डावीकडे," आई म्हणाली, पण या वेळी घोड्याच्या आवाजात नाही.

राजकुमाराने शिडीवरच गुडघा टेकला, जे शिडीवर शक्य नसतं. अंगठी काढली. तोंड उघडलं. लिसेन्सियादोंचंही उघडलं. मग, अगदी हळू, सवयीने, "भिंतीतली भेग अजून..." एवढं आलं.

आता कुणी हसलं नाही. गच्चीवर एवढी माणसं होती आणि पातेल्याखालच्या गॅसचा आवाज ऐकू येत होता. गर्दीची बाई म्हणून सांगते, असा गप्पपणा कुठल्याही स्टुडिओत करून घेता येत नाही.

चादरीवर राजकुमारी खिडकीपासून वळली. खोलीच्या दारापाशी गेली. सिनेमाभर सगळे ते दार बाहेरून ढकलत आले होते. तिने आतून ओढलं. ते उघडलं. त्याला कुलूप कधी नव्हतंच. ती लंगडत पायऱ्या उतरायला लागली, आणि शिडीवरचा राजकुमार रिकाम्या खिडकीत अंगठी धरून राहिला. पायऱ्यांवर ती थांबली, आमच्याकडे तोंड केलं, आणि बोलायला लागली. सावकाश, बरंच काही.

लिंदा उठून उभी राहिली. ती चादरीकडे बघत नव्हती.

"बाल्दो," ती म्हणाली.

"हो," लिसेन्सियादो म्हणाले. मनोऱ्याच्या कडेचा राजकुमार अजून त्यांच्या खांद्यावर हलत होता, शिडी, अंगठी, सगळं.

"तुला माझ्याशी लग्न करायचं नाहीये."

कुणीतरी श्वास आत ओढला. बहुधा मीच.

"आणि मलाही तुझ्याशी करायचं नाहीये. फार वर्षं झाली त्याला. मला वाईट वाटेल म्हणून तू बोलला नाहीस, तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही, आणि आपल्या दोघांना वाईट वाटेल म्हणून ही अख्खी इमारत बोलली नाही." तिचा आवाज एकदा हलला, मग सरळ झाला. "आता कुणीतरी त्याला खुर्ची द्या. कधीचा उभा आहे बिचारा."